विजेचे प्रश्न आणि ‘किती?’ हा शब्द

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



विजेविषयी चार शब्द बोलावेत असे मला सुचविण्यात आले तेव्हा प्रथम थोडा संकोच वाटला. मी काही पदार्थविज्ञानाचा पंडित नव्हे. अध्यापन पदविका घेऊन फळ्यासमोर उभा राहिलेला, आपल्यासारखाच एक शिक्षक आहे. परंतु शाळाभेटीच्या वेळी एक प्रघात मी बरीच वर्षे पाळीत आलो आहे. गुरुजींचा पाठ पाहून झाला, की मी मुलांना म्हणतो, “आता तुम्ही विचारा.” विजेच्या पाठानंतर येणारे प्रश्न बहुधा ठरावीकच असतात. सेल संपतो म्हणजे त्यातले नेमके काय संपते? मीटरमध्ये फिरतो तो आकडा कशाचा? मोबाइल रात्रभर लावून ठेवला तर बिल वाढते काय? तारेवरच्या पाखराला धक्का का बसत नाही? आणि सर्वांत अधिक वेळा येणारा प्रश्न असा : सेलमधली वीज आणि घरातली वीज एकच का?

या शेवटच्या प्रश्नापासूनच आरंभ करतो. कारण त्याचे अर्धवट उत्तर मी स्वतः एकदा दिलेले आहे, आणि त्याचा चटका मला न बसता एका विद्यार्थ्याला बसला आहे.

ही गोष्ट १९९४ सालची. मी एका वाडीवरच्या शाळेत सातवीचा वर्ग घेत होतो. वाडीत विजेचे खांब येऊन फार दिवस झाले नव्हते. एक सेल, दोन तारा आणि विजेरीतला इवलासा दिवा एवढ्या साहित्यावर मी पाठ घेतला. दिवा लागला, मुलांनी टाळ्या वाजविल्या, आणि एका चुणचुणीत मुलाने वरील प्रश्न विचारला. मी मोठ्या आत्मविश्वासाने उत्तरलो, “होय बाळ, वीज ती वीजच.” त्या सायंकाळी हा मुलगा तोच दिवा आणि त्याच तारा घेऊन घरी गेला आणि तारांची उघडी टोके त्याने भिंतीवरील सॉकेटमध्ये खुपसली. दिवा फुटला. मुलगा मागे फेकला गेला. उजव्या हाताची दोन बोटे चांगलीच भाजली. जीव वाचला हे आम्हा सर्वांचे दैव. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. ती भांडली नाही. तिने एवढेच विचारले, “गुरुजी, तुम्हीच सांगितलं होतं ना, दोन्ही एकच म्हणून?” पुढे कित्येक दिवस तो मुलगा डाव्या हाताने पाटीवर अक्षरे काढीत असे, आणि मी त्या बाजूला पाहण्याचे टाळीत असे.

माझे उत्तर तसे पाहता अशास्त्रीय नव्हते. सेलमधून येणारा प्रवाह एकाच दिशेने वाहतो आणि घरातील प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने घेत दिशा पालटतो, हा भेद सोडल्यास तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दोहींकडे सारखेच. माझ्या उत्तरात ‘काय’ होते. ‘किती’ मात्र नव्हते. मला वाटते, विजेच्या पाठात आपली चूक होते ती बहुधा याच जागी होते.

ते ‘किती’ आता पाहू. सेलचा विद्युत्‌दाब दीड व्होल्ट; घरातील दाब २३० व्होल्ट, म्हणजे दीडशे पटींहून अधिक. ओल्या हाताच्या माणसाचा रोध ढोबळ मानाने एक हजार ओहम धरा. सेलच्या दोन टोकांना बोटे लावली तर शरीरातून दीड मिलिअँपिअर प्रवाह जाईल; कातडी कोरडी असेल तर त्याहूनही पुष्कळ कमी, आणि तो जाणवणारही नाही. तोच हात घरातील तारेला लागला आणि पाय ओल्या जमिनीवर असले, तर प्रवाह २३० मिलिअँपिअर होईल. सुमारे तीस मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह छातीतून गेला की हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. आपल्या देवघरात लावतात तो नऊ वॅटचा एलईडी दिवा जवळपास चाळीस मिलिअँपिअर घेतो. म्हणजे एका लहान दिव्याला लागणारा प्रवाह माणसाच्या प्राणाशी खेळ करण्यास पुरेसा आहे. हे उदाहरण वर्गात अवश्य सांगावे. मुले क्षणभर स्तब्ध होतात.

यावर पालक म्हणतात, “घरात फ्यूज आहे की!” फ्यूज पाच अँपिअरचा असेल तर तो पाच हजार मिलिअँपिअरपर्यंत स्वस्थ बसून राहतो. त्याचे काम तार तापून घराला आग लागू नये हे पाहण्याचे आहे. माणसाकडे त्याचे लक्ष नसते. माणसासाठी निराळा खटका असतो. वायरमन त्याला आरसीसीबी म्हणतात. जाणारा प्रवाह आणि परत येणारा प्रवाह यांची तो सतत तुलना करतो, आणि दोहोंत तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कोठेतरी वीज गळते आहे असे दिसले, की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुरवठा तोडतो. तीन खिळ्यांच्या प्लगातील वरचा खिळा जाड आणि लांब का, हेही मुलांना दाखवावे. तो जमिनीशी जोडलेला असतो. लांब असल्यामुळे आधी लागतो आणि शेवटी सुटतो. जाड असल्यामुळे तो चुकीच्या भोकात जात नाही.

तारेवरच्या पाखराचे उत्तर याच ओघात देऊन टाकतो. त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असल्याने दोन पायांमध्ये दाबाचा फरक जवळजवळ नसतो. म्हणून प्रवाह त्याच्या अंगातून जात नाही. तारेत अडकलेला पतंग काठीने काढणाऱ्या मुलाचे पाय मात्र जमिनीवर असतात, ही पुस्ती जोडल्यावाचून हे उत्तर कधीही देऊ नये.

आता सेलकडे वळू. आपल्या खेड्यांत विजेरीलाच बॅटरी म्हणतात आणि घटाला सेल, तेव्हा शब्दांवरून मुलांशी वाद घालण्यात अर्थ नाही. परंतु ‘सेलमध्ये वीज भरून ठेवलेली असते’ ही समजूत मात्र मोडावयास हवी. इटलीच्या व्होल्टाने १८०० साली धातूंच्या चकत्यांची चळत रचून पहिला विद्युत्‌घट जगापुढे मांडला, आणि १८६६ साली फ्रान्सच्या लेक्लांशेने ज्या घटाची योजना केली त्याचाच वंशज आपल्या भिंतीवरच्या घड्याळात बसलेला आहे. बाहेरचे डबडे जस्ताचे, मध्ये कोळशाची कांडी, तिच्याभोवती मँगॅनीज डायॉक्साइडची काळी भुकटी, आणि नवसागराचा किंवा तत्सम क्षाराचा ओलसर लगदा. जस्त हळूहळू झिजते. त्या रासायनिक क्रियेतून जी ऊर्जा मोकळी होते ती इलेक्ट्रॉनांना तारेतून ढकलते. एका टोकातून जितके इलेक्ट्रॉन बाहेर पडतात तितकेच दुसऱ्या टोकातून आत येतात. सायकलची साखळी पाहा. ती फिरत राहते, तिचा एकही दुवा खर्ची पडत नाही. तरी पायातले बळ मागच्या चाकाला पोचते. इलेक्ट्रॉन म्हणजे ती साखळी. खर्च होते ती सवाराची शिदोरी. सेल संपतो म्हणजे ही शिदोरी संपते.

आमच्या लहानपणी ट्रान्झिस्टरचे सेल क्षीण झाले, की वडीलधारी मंडळी ते उन्हात वाळत घालीत, आणि संध्याकाळच्या बातम्या पुन्हा ऐकू येत. सूर्याने सेल भरला असे आम्हांला वाटे. वस्तुतः उष्णतेने आतली क्रिया थोडी वेगवान होते आणि तळाशी उरलेले चार घास निघतात, इतकेच. हा उपाय आता कोणी करू नये. संपत आलेल्या सेलचे जस्त पातळ झालेले असते. ते फुटून आतला द्राव बाहेर येतो आणि घड्याळाचा सांगाडा खातो. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नये, तेही यासाठीच.

पुन्हा भरता येणाऱ्या घटांची जात निराळी. त्यांत बाहेरून वीज दिली की रासायनिक क्रिया उलट फिरते. १८५९ साली प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिसे आणि गंधकाम्ल यांचा असा घट केला. ट्रॅक्टरची आणि इन्व्हर्टरची बॅटरी याच घराण्यातली. मोबाइलमधील लिथियम-आयन घट बाजारात आला तो १९९१ साली, आणि त्याच्या घडणीसाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा घट अंगाने लहान पण तापट आहे. मोबाइलची फुगलेली बॅटरी मुले खिळ्याने टोचून पाहतात, असे मी दोन शाळांत पाहिले आहे. ती पेट घेऊ शकते. अशी बॅटरी दिसल्यास काढून घ्यावी, पालकांना बोलावून सांगावे. पाठाची वेळ गेली तरी हरकत नाही.

वर्गात घालण्याजोगे एक गणित येथे सांगतो. भिंतीवरच्या घड्याळातला चांगल्यांपैकी सेल दीड व्होल्टचा आणि सुमारे दोन अँपिअर-तासांचा धरला, तर त्यात तीन वॅट-तास ऊर्जा भरते. एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास. तेव्हा एका युनिटासाठी ३३३ सेल हवेत. सेलची किंमत पंधरा रुपये धरली तर हिशेब पाच हजारांच्या घरात जातो; घरी मीटरवर तेच युनिट थोडक्या रुपयांत मिळते. विजेचे इतके महाग दुकान दुसरे नसेल. तरीही तोच सेल घड्याळ वर्षभर चालवितो, कारण घड्याळाची भूकच इवलीशी आहे.

युनिट हा शब्द आलाच आहे, तर एका सार्वत्रिक घोटाळ्याविषयी बोलतो. ‘दिव्याने शंभर वॅट वीज खाल्ली’ असे वाक्य मी शिक्षकांच्या टाचणवहीत वाचले आहे. वॅट हे परिमाण शक्तीचे आहे. ऊर्जा किती वेगाने वापरली जाते ते वॅट सांगते. नळाची धार बारीक की मोठी, हे झाले वॅट. हंडा किती भरला, हे झाले युनिट. बारीक धारही रात्रभर चालली तर हौद भरते. हजार वॅटची इस्त्री एक तास चालली की एक युनिट होते. नऊ वॅटच्या दिव्याला त्यासाठी एकशे अकरा तास लागतात. बिल येते ते हंड्याचे, धारेचे नव्हे.

हे एकदा पटले, की घरातल्या निम्म्या भांडणांचा निकाल लागतो. आजी दिव्यावरून ओरडते. परंतु खरा खर्च न्हाणीघरात असतो. एका बादलीतले पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ४५ अंशांवर न्यावयाचे तर, एक लिटर पाण्याला दर अंशामागे सुमारे ४,२०० जूल या हिशेबाने, १२ लाख ६० हजार जूल लागतात. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. म्हणजे एका बादलीला ०.३५ युनिट. तेवढ्यात नऊ वॅटचा दिवा जवळपास ३९ तास जळेल. घरात पाच माणसे विजेवर तापविलेल्या पाण्याने स्नान करीत असतील, तर महिन्याला बावन्न युनिटे नुसत्या पाण्याची झाली. तापविताना वाया जाते ते आणखी निराळे. दिवा मालवू नये असे मी म्हणत नाही. मालवावाच. पण बिल कमी का झाले नाही म्हणून मग आश्चर्य करू नये.

पंख्याविषयी मुले विचारतात, हळू केला तर वीज वाचते का? रेग्युलेटर कोणता, यावर ते अवलंबून आहे. जुना, ठोकळ्यासारखा मोठा रेग्युलेटर पंख्याच्या वाट्याची वीज स्वतःच्या अंगात उष्णता करून उडवितो. त्यात बचत थोडी. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने बचत खरोखर होते. जुन्या बांधणीचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बारा तासांत ०.९ युनिट, बीएलडीसी जातीचा नवा पंखा तीस-पस्तीस वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो या केंद्रीय संस्थेने २००६ पासून उपकरणांवर ताऱ्यांची चिठ्ठी लावण्याची पद्धत चालू केली. ती चिठ्ठी वाचणे हा मराठीच्या तासालाही चांगला स्वाध्याय होईल.

मोबाइलचे उत्तर ऐकून मुलांचा विरस होतो. पाच हजार मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण एकोणीस वॅट-तास मावतात; वाटेतली गळती धरून पंचवीस. रोज पूर्ण भरला तरी वर्षाची जेमतेम नऊ युनिटे. उलट, दूरदर्शन संचाजवळचा सेट-टॉप बॉक्स दहा वॅट घेत अहोरात्र जागा राहिला तर महिन्यालाच सात युनिटे होतात. मोबाइल रात्रभर लावू नये याची कारणे उशीखाली तापणारी बॅटरी आणि न होणारी झोप ही आहेत. बिलाचे खोटे कारण पुढे करू नये. मुले हिशेब करतात आणि आपले दुसरेही शब्द मग खोटे मानतात.

एका युनिटात किती श्रम साठले आहेत, हे सांगितले तर मात्र वर्ग जागा होतो. पन्नास किलोचे पोते एक मीटर उचलण्यास सुमारे ४९० जूल लागतात. एका युनिटाइतके काम व्हावयाचे तर ते पोते सात हजारांहून अधिक वेळा उचलावे लागेल. धट्टाकट्टा मजूर दिवसभर नेटाने राबतो तेव्हा त्याच्या श्रमाचा वेग पाऊणशे वॅटच्या आसपास असतो. आठ तासांचे झाले ०.६ युनिट. ज्या मुलांचे आईबाप उसाच्या फडात किंवा मार्केट यार्डात राबतात, त्यांच्यासमोर हे सांगताना जरा जपून सांगावे. श्रमाची ही तुलना आहे, मजुराच्या मोलाची नव्हे, हे तेथेच स्पष्ट करावे.

एका शाळेत चौथीतल्या मुलीने मला विचारले, “रात्री सगळे झोपल्यावर उरलेली वीज कुठे जाते?” इतका चांगला प्रश्न मला फार थोड्या मोठ्या माणसांनी विचारला आहे. उत्तर असे, की उरतच नाही. ज्या क्षणी जितकी लागते, त्या क्षणी जवळपास तितकीच निर्माण करावी लागते. दिवेलागणीला मागणी चढते, तेव्हा सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे उतरणारे कोयनेचे पाणी जोराने सोडतात. जलविद्युत् केंद्र थोड्या अवधीत चालू-बंद करता येते, हा त्याचा मोठा गुण. शंभर मीटर उंचीवरून पडणारे सुमारे ३,७०० लिटर पाणी, काहीही वाया न जाता, एक युनिट देते. कोयनेचा उतार त्याच्या कितीतरी पट असल्याने तेथे पाणी कमी लागते. अकोले तालुक्यातील घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे. तेथे मागणी कमी असताना विजेने पाणी खालच्या जलाशयातून वर चढवितात आणि मागणी वाढली की खाली सोडतात. ही पाण्याची बॅटरीच म्हणावयाची. ज्या शाळांच्या छपरावर सौरपट्टे आहेत त्यांच्याकडे हा प्रश्न रोज सायंकाळी उभा राहतो.

आता कृती. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक तांबडा दिवा लुकलुकत असतो, आणि शेजारी एका युनिटाला किती लुकलुकी ते छापलेले असते. समजा, तो आकडा ३,२०० आहे. दिवा एका मिनिटात ३२ वेळा लुकलुकला, तर त्या मिनिटात युनिटाचा शंभरावा भाग, म्हणजे दहा वॅट-तास, वापरले गेले. तासाला सहाशे वॅट-तास. अर्थात त्या क्षणी घर ६०० वॅट घेत आहे. प्रथम सर्व उपकरणे चालू असताना मोजावे, मग एकेक बंद करून पुन्हा मोजावे. प्रत्येकाची भूक कळते. घड्याळ, वही आणि पाचवीपर्यंतचा भागाकार एवढेच साहित्य. बिलातले टप्पे समजावून देण्यासही हीच वेळ योग्य, कारण पहिले शंभर युनिट ओलांडले की पुढच्या युनिटांना दर चढा लागतो.

पुढील संमेलनास येताना प्रत्येक शाळेने अशा पाच घरांच्या नोंदी आणाव्यात. काही शाळांचा पुरवठा बिल थकल्याने तोडलेला आहे, हे मला ठाऊक आहे. ते बिल कोणी भरावे हा प्रश्न आजच्या विषयाबाहेरचा असला तरी माझ्या दप्तराबाहेरचा नाही. तूर्त त्यांनी शेजारच्या घरचा मीटर पाहावा. मात्र मोजणी शिक्षकासमक्ष व्हावी आणि मुलांनी मीटरपासून दोन हात दूर उभे राहावे; तो दिवा तेथूनही स्वच्छ दिसतो.